शाळासोबत्यांची पेढी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राबद्दल काहीतरी लिहावं, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा माझी पंचाईत झाली. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर चार पानं लिहिली तर वर्गातले निम्मे जण पहिल्याच परिच्छेदात पान उलटणार आणि उरलेले निम्मे स्वतः त्याच धंद्यात असल्यामुळे चुका काढत बसणार. म्हणून कामाच्या निमित्ताने ज्याची ओळख झाली, अशा एका माणसाबद्दल लिहायचं ठरवलं. त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली. त्याचं आडनाव मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं आहे: टिफनी.

काही वर्षांपूर्वी दागिन्यांच्या एका ऑनलाइन दुकानासाठी किंमत आणि बिलाची प्रणाली लिहिण्याचं काम आमच्या टीमकडे आलं. अशा कामात कोड लिहिण्याआधी धंदा समजून घ्यावा लागतो. हिऱ्याचं वजन कशात मोजतात, चांदीचा कस कसा नोंदवतात, एकदा लावलेली किंमत कोणाला बदलता येते, खड्याच्या प्रमाणपत्रावर काय काय असतं, हे सगळं मी वाचत गेले. प्रत्येक वेळी दोन-तीन पानं मागे गेलं की न्यूयॉर्कचा हा एकच दुकानदार भेटायचा. मग मी त्याचं चरित्रच वाचायला घेतलं. त्यात पहिल्याच प्रकरणात एक शाळासोबती निघाला. शाळेच्या स्मरणिकेसाठी याहून योग्य विषय मला सुचला नाही. शिवाय आपला मेळावा रौप्यमहोत्सवी आणि या माणसाचं पहिलं मोठं काम चांदीचंच आहे.

चार्ल्स लुईस टिफनीचा जन्म १५ फेब्रुवारी १८१२ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या किलिंगली गावचा. वडील कम्फर्ट टिफनी सुती कापडाची गिरणी चालवत. मुलगा आधी गावच्या शाळेत शिकला, मग थोडा काळ प्लेनफील्ड अकॅडमीत. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला गिरणीजवळच्या किराणा आणि किरकोळ मालाच्या दुकानात बसवलं. हिशेब, माल मागवणं, उधारी वसूल करणं हे सगळं तो तिथे शिकला. पुढे गिरणीच्या कचेरीतही त्याने काम केलं. गिरण्यांचा इतिहास आपल्याकडच्या लोकांना नवा नाही, पण इथे एक गोष्ट सांगायला हवी. उत्तरेकडच्या या गिरण्या दक्षिणेतल्या कापसावर चालत आणि तो कापूस गुलाम पिकवत. चार्ल्सच्या धंद्याचं पहिलं भांडवल अशा गिरणीतून आलं.

जॉन बर्नेट यंग हा त्याचा शाळासोबती. तो चार्ल्सच्या आधी न्यूयॉर्कला गेला होता आणि तिथे एका दुकानात नोकरी करत होता. शहरात काय विकलं जातं, ते त्याने पाहून ठेवलं होतं. १८३७ मध्ये दोघांनी मिळून दुकान काढायचं ठरवलं. चार्ल्सच्या वडिलांनी १००० डॉलर दिले. वेळ मात्र याहून वाईट सापडली नसती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं होतं, पेढ्या बुडत होत्या, माणसं बेकार होत होती. अशा मंदीत १८ सप्टेंबर १८३७ ला ब्रॉडवेवर २५९ नंबरच्या जागेत टिफनी अँड यंग अशी पाटी लागली. चार्ल्स पंचवीस वर्षांचा होता.

दागिन्यांची पेढी म्हणून हे दुकान सुरू झालं नव्हतं. तिथे वह्या-कागद, लेखनाचं सामान, छत्र्या, पंखे, चिनी मातीच्या आणि शोभेच्या वस्तू मिळत. आपल्याकडे शाळेच्या कोपऱ्यावर स्टेशनरी आणि गिफ्ट आर्टिकल्स अशी पाटी असते, साधारण त्या जातीचं. पहिल्या तीन दिवसांची विक्री झाली ४ डॉलर ९८ सेंट. नाताळच्या आदल्या दिवशी ती २३६ डॉलरवर गेली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी ६७५ डॉलरवर. दुकान तगलं.

त्या दुकानात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असे आणि ती किंमत कोणासाठीही बदलत नसे. आपल्याला यात विशेष वाटणार नाही, कारण एकच भाव अशी पाटी आपण लहानपणापासून वाचत आलो. पण त्या काळी बहुतेक दुकानांत गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव सांगितला जाई आणि मग घासाघीस होई. ज्याला घासाघीस जमते त्याला स्वस्त, ज्याला जमत नाही त्याला महाग. किंमत लिहून टाकली की दुकानदाराला चेहरा पाहायची सोय राहत नाही. अशी पद्धत आणणारा चार्ल्स पहिलाच होता असं नाही. पण चैनीच्या वस्तूंचा व्यापार, जिथे खरी किंमत गिऱ्हाइकाला कळायची शक्यताच कमी, तिथे त्याने ती धरून ठेवली. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर किंमत हे असं खातं ठेवलं, की काउंटरवरच्या माणसाला ते फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही.

१८४१ मध्ये दोन घडामोडी झाल्या. चार्ल्सने हॅरिएट यंगशी लग्न केलं. हॅरिएट ही जॉनची बहीण, म्हणजे शाळासोबती आता मेव्हणा झाला. आणि जे. एल. एलिस नावाचा तिसरा भागीदार पैसे घेऊन आला, पाटी टिफनी, यंग अँड एलिस अशी झाली. हातात भांडवल आल्यामुळे एका भागीदाराला युरोपात पाठवून थेट माल आणणं शक्य झालं. जाणारा होता जॉन यंग. इथून पुढे कामाची वाटणी पक्की झाली. चार्ल्स दुकानात, जॉन बोटीवर. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर दिसणारे वेगळे आणि पडद्यामागे खुर्च्या, दिवे, माइक सांभाळणारे वेगळे, तशी ही वाटणी.

सुरुवातीला त्यांनी युरोपातून खोटे दागिने आणून विकले. ते खपतही होते. पण पुढे त्यांनी तो माल बंद केला आणि खऱ्याकडे वळले. १८४५ मध्ये दुकानाची पहिली छापील यादी निघाली. दूरच्या गावातल्या माणसाने यादी वाचून, वस्तू न पाहता पैसे पाठवायचे, हा प्रकार लिहिलेल्या किमतीवर विश्वास असेल तरच चालतो. ती निळी यादी आजही दरवर्षी निघते.

१८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि राजा पळाला. जॉन यंग त्या सुमाराला खरेदीसाठी तिथे होता. उमराव घराण्यांना देश सोडण्यासाठी रोख पैसा हवा होता. हिऱ्यांचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. भागीदारांनी आपल्याजवळचं होतं नव्हतं ते हिऱ्यांत घातलं. शहरात गोळीबार, पुढे काय होईल याचा भरवसा नाही, न्यूयॉर्कला विचारायचं तर पत्र बोटीने जाऊन उत्तर यायला कित्येक आठवडे. अशा वेळी निर्णय जागेवरच घ्यावा लागतो. तो माल अमेरिकेत आला आणि तिथल्या श्रीमंतांना पहिल्यांदाच आपल्या शहरात असे हिरे पाहायला मिळाले. वर्तमानपत्रांनी हिऱ्यांचा राजा अशी पदवी दिली. ती चार्ल्स टिफनीला मिळाली. जॉनला नाही.

त्याच वर्षी पेढीने स्वतः सोन्याचे दागिने घडवायला घेतले. चांदीचं काम १८५१ मध्ये आलं. जॉन सी. मूर हा न्यूयॉर्कचा नावाजलेला चांदीचा कारागीर. त्याने फक्त या पेढीसाठी काम करायचं कबूल केलं. अमेरिकेत तेव्हा चांदीच्या शुद्धतेला देशभर लागू असं बंधन नव्हतं. बहुतेक सोनार नाणी वितळवून भांडी करत, म्हणजे हजारात नऊशे भाग चांदी. त्याहून कमी कसाचा मालही चांदी म्हणून खपे. टिफनीने इंग्लंडचं स्टर्लिंगचं प्रमाण उचललं: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेले ७५ बहुधा तांब्याचे, कारण शुद्ध चांदी मऊ असते आणि वापरताना वाकते. आज आपण पैंजण घेताना ९२.५ चा शिक्का पाहतो, तेच हे प्रमाण. कोणी सक्ती केली नसताना एका दुकानाने ते स्वतःवर लादून घेतलं. पुढे १९०६ च्या कायद्याने अमेरिकेत स्टर्लिंग या शब्दासाठी हेच प्रमाण ठरलं.

याचं महत्त्व आपल्या पिढीला सहज कळेल. लहानपणी आईबरोबर सराफाकडे गेलेले आपण सगळे आहोत. सोनं किती शुद्ध, हे तेव्हा सराफाच्या तोंडून कळायचं. घराण्याचा सराफ ठरलेला असायचा, कारण नवीन माणसावर विसंबायला दुसरा आधारच नव्हता. दागिना मोडायला गेलं की त्याच पेढीवर जायचं, दुसरीकडे कसात घट निघेल ही भीती. भारतात सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, म्हणजे आपण शाळेतून बाहेर पडत होतो त्या सुमाराला. ते सक्तीचं व्हायला २०२१ उजाडलं. आता दागिन्यावर ९१६ पाहून अनोळखी दुकानातही आपण निर्धास्त असतो. माणसावरचा विश्वास आकड्यावर आणणं, हे काम चार्ल्सने आपल्या दुकानापुरतं दीडशेच्या वर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

१८५३ मध्ये यंग आणि एलिस निवृत्त झाले. पेढी एकट्या चार्ल्सच्या हाती आली आणि पाटीवर टिफनी अँड कंपनी हे नाव आलं, जे आजपर्यंत आहे. त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या नव्या जागेच्या दारावर त्याने ॲटलसचा पुतळा बसवला. ग्रीक पुराणातला ॲटलस खांद्यावर आकाश वाहतो, इथे त्याच्या खांद्यावर मोठं घड्याळ दिलं. पुतळा लाकडाचा, जहाजांच्या नाळेवरच्या मूर्ती कोरणाऱ्या एका कारागिराकडून करवलेला आणि वरून कांशासारखा रंगवलेला. दुकान जागा बदलत गेलं तसा पुतळाही बरोबर गेला. न्यूयॉर्कला कधी गेलात तर फिफ्थ ॲव्हेन्यूवर दारावर मान वर करून पाहा, तो अजून घड्याळ धरून उभा आहे.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट १८५८ ची आहे, कारण ती माझ्या धंद्याला लागून आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून अमेरिका आणि युरोप जोडणारी पहिली तार टाकून पूर्ण झाली. आज आपला ग्रुपवरचा निरोप परदेशातल्या मैत्रिणीला क्षणात पोचतो तो अशाच समुद्राखालच्या केबलमधून. तारेच्या बातमीने न्यूयॉर्क वेडं झालं होतं. टाकून उरलेली तार टिफनीने विकत घेतली, तिचे चार-चार इंचांचे तुकडे केले, दोन्ही टोकांना पितळेची टोपणं बसवली आणि खरेपणाच्या प्रमाणपत्रासह एकेक तुकडा ५० सेंटला विकला. हिरे ज्याला परवडणार नाहीत त्याच्याही घरात टिफनीची वस्तू गेली. ती समुद्रातली तार काही आठवड्यांतच बंद पडली. तुकडे मात्र लोकांनी जपून ठेवले आणि आज ते संग्रहालयांत आहेत.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. दागिन्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. चार्ल्सने आपल्या कारागिरांना तलवारी, पदकं, ध्वज आणि सैन्याला लागणाऱ्या सामानाकडे वळवलं. युद्ध संपल्यावर पुन्हा चांदी. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पेढीच्या चांदीच्या कामाला बक्षीस मिळालं. अमेरिकेत घडवलेल्या चांदीला युरोपने मान देण्याची ही पहिलीच वेळ. १८७० मध्ये युनियन स्क्वेअरला मोठी इमारत उभी राहिली. टिफनी या नावाचा आता शिक्का झाला होता. या नावाने एखादी गोष्ट खरी म्हटली की ती खरी.

आणि नेमक्या याच जागी तो फसला. अर्नोल्ड आणि स्लॅक या दोन केंटकीच्या चुलतभावांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या धनिकांना सांगितलं, की पश्चिमेच्या ओसाड डोंगरात आम्हाला हिरे-माणकांची खाण सापडली आहे. पुरावा म्हणून पिशवीभर खडे दाखवले. धनिक सावध होते. त्यांनी खडे थेट न्यूयॉर्कला चार्ल्स टिफनीकडे तपासायला नेले. त्याने दोन दिवस घेतले आणि किंमत सांगितली, दीड लाख डॉलर. त्यानंतर कोणाला शंका राहिली नाही. बँक ऑफ कॅलिफोर्नियाचा विल्यम राल्स्टन आणि इतरांनी पैसे ओतले, कंपनी उभी राहिली.

खरं तर ते खडे भामट्यांनी लंडनमधून आणलेला हलका माल होता, त्यांना तो सुमारे २० हजारांना पडला होता. नोव्हेंबर १८७२ मध्ये क्लॅरेन्स किंग या सरकारी भूगर्भशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिलं. हिरे, माणकं आणि नीलम एकाच जागी निसर्गात असे सापडत नाहीत. शिवाय खडे मिळत होते ते फक्त माती उकरलेल्या जागी आणि काठीने भोक पाडलेल्या मुंग्यांच्या वारुळांत. कोणीतरी ते पेरले होते. कंपनी बुडाली, राल्स्टनने लोकांचे पैसे आपल्या खिशातून परत केले.

टिफनी का चुकला, याचं उत्तर साधं आहे. त्याच्या लोकांना पैलू पाडलेल्या हिऱ्यांची पारख होती, ते रोज तेच हाताळत. खाणीतून निघालेला कच्चा दगड त्यांनी क्वचितच पाहिला होता. पण नाव मोठं झालं की लोक तुम्हाला तुमच्या माहितीबाहेरचंही विचारतात आणि तुमचं उत्तर तपासून पाहत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे नेहमी पाहतो. एका टप्प्यावर एखाद्या वजनदार माणसाने मंजुरी दिली की पुढचे पाच जण तपासणी न करता सही करतात. या प्रकरणात पुढच्या सगळ्यांनी खडे पाहिलेच नाहीत, त्यांनी टिफनीचं नाव पाहिलं.

त्यानंतरचा त्याचा निर्णय मला त्या चुकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. १८७९ मध्ये त्याने जॉर्ज फ्रेडरिक कुन्झ या तेवीस वर्षांच्या मुलाला रत्नपारखी म्हणून पेढीवर घेतलं. कुन्झकडे पदवी नव्हती. न्यू जर्सीत हॉबोकनला वाढलेला हा मुलगा लहानपणापासून दगड गोळा करायचा आणि पुस्तकं वाचून खनिजशास्त्र शिकला होता. त्याची ओळख झाली ती त्याने पेढीला एक टूरमलीन विकला तेव्हा. तोवर हिरा, माणिक, पाचू, नीलम आणि मोती एवढ्यांनाच रत्न मानणाऱ्या धंद्यात कुन्झने अमेरिकेतले रंगीत खडे आणले. कुन्झाईट या गुलाबी-जांभळट खड्याला पुढे त्याचंच नाव मिळालं. हिऱ्याचं वजन आज आपण २०० मिलिग्रॅमच्या कॅरटमध्ये मोजतो. देशोदेशीचे वेगवेगळे कॅरट जाऊन हा एकच यावा यासाठी झटणाऱ्यांत तो होता. पदवी विचारण्याऐवजी दगड हातात देऊन पारख करायला लावणारा मालक त्याला मिळाला, हे त्याचं नशीब. आपल्या वर्गातल्या ज्यांना गुणपत्रिकेने न्याय दिला नाही, त्यांना कुन्झ जवळचा वाटेल.

पेढीचा सगळ्यात प्रसिद्ध हिरा कुन्झच्याच देखरेखीखाली घडला. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीत सापडलेला २८७.४२ कॅरटचा पिवळा दगड चार्ल्सने १८७८ मध्ये १८ हजार डॉलरना घेतला. पॅरिसमध्ये त्याला पैलू पाडले. वजन जास्तीत जास्त राखण्याऐवजी तेज जास्तीत जास्त काढायचं ठरलं. त्यामुळे निम्म्याहून जास्त दगड गेला आणि उरला १२८.५४ कॅरटचा, ८२ पैलूंचा हिरा. ऑड्री हेपबर्नच्या गळ्यात १९६१ मध्ये जो होता तो हाच. इथेही कापसासारखीच एक बाजू आहे. किंबर्लीच्या खाणींत काळ्या मजुरांना पुढे बंद आवारात ठेवलं जाऊ लागलं आणि बाहेर सोडताना त्यांची अपमानास्पद झडती होई. चांदीत किती चांदी आहे, हे पेढीचा शिक्का सांगत होता. खड्यामागे कोणाचे कष्ट आहेत, हे सांगणारा शिक्का तेव्हा कोणाकडेच नव्हता.

१८८६ मध्ये आली ती सहा नख्यांची अंगठी. आपल्याकडचं पारंपरिक कोंदण आठवा. खडा सोन्याच्या घरात बसवतात, कडा दाबून त्याला धरतात. पकड घट्ट असते, पण खालून आणि बाजूने प्रकाश जात नाही. हिऱ्याचं तेज तर आत शिरलेला प्रकाश आतल्या पैलूंवरून उलटून वर येण्यावर असतं. टिफनीच्या कारागिरांनी खडा अंगठीच्या वर उचलला आणि सहा बारीक नख्यांवर तोलून धरला. सोनं कमी दिसतं, हिरा जास्त. यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. उघड्या खड्याचा दोष लपत नाही. बंद कोंदणात मागे चांदीचा वर्ख घालून फिका खडा उजळ दाखवता येतो, इथे ती सोय संपली. आज लग्नाच्या बाजारात सॉलिटेअर म्हणून जी अंगठी मिळते, ती बहुतेक याच आराखड्यातून आलेली आहे.

पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, फ्रान्सच्या सरकारने राजघराण्याची रत्नं लिलावात काढली. राजेशाही परत येऊ नये म्हणून तिची चिन्हंच विकून टाकायची, असा विचार. ६९ पैकी २४ भाग टिफनीने घेतले, दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त. जॉन यंगने पॅरिसमध्ये पळणाऱ्या उमरावांकडून हिरे घेतले त्याला तोवर एकोणचाळीस वर्षं झाली होती.

चार्ल्स अखेरपर्यंत पेढीचा अध्यक्ष राहिला. १८ फेब्रुवारी १९०२ ला, नव्वदावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाल्यावर, तो न्यूयॉर्कमध्ये वारला. मुलगा लुईस कम्फर्ट टिफनी याने तरुणपणी गल्ल्यावर बसायला नकार देऊन चित्रकला आणि रंगीत काचेचं काम धरलं होतं. त्याच्या काचेच्या दिव्यांमुळे हे आडनाव कलेच्या इतिहासातही गेलं. वडील गेल्यावर तो पेढीचा कलासंचालक झाला. त्या फिक्या निळ्या डब्याबद्दल पेढीचा एक नियम प्रसिद्ध आहे: आत वस्तू नसेल तर नुसता डबा कोणत्याही किमतीला विकायचा नाही. त्या निळ्या रंगाला रंगांच्या अधिकृत यादीत १८३७ हा क्रमांक आहे, दोघांनी दुकान काढलं ते साल. २०२१ मध्ये एका फ्रेंच समूहाने ही कंपनी सुमारे १६०० कोटी डॉलर देऊन घेतली. इमारती आणि हिरे धरूनही एवढी रक्कम होत नाही, उरलेली किंमत नावाची.

मी चरित्र वाचून संपवलं तेव्हा माझ्या डोक्यात चार्ल्सपेक्षा जॉन यंग जास्त राहिला. न्यूयॉर्कला आधी तो गेला. बोटीचे प्रवास त्याने केले. क्रांतीच्या दिवसांत पॅरिसला माल पाहणारा तोच. पाटीवर त्याचं नाव सोळा वर्षं होतं. याचा अर्थ चार्ल्सने त्याच्यावर अन्याय केला असा मी काढत नाही. भागीदारी रीतसर संपली आणि पुढची पन्नास वर्षं चार्ल्सने एकट्याने ओढली. चांदीचं प्रमाण पाळणं, कुन्झला नेमणं, हे त्याचंच श्रेय. पण ज्या नावाची किंमत आज एवढी आहे, त्याची पहिली सोळा वर्षं दोघांची होती.

आपल्या मेळाव्यातही अशा पाट्या असतील. कोणाचं हॉस्पिटल, कोणाची कंपनी, कोणाचा क्लास, कोणाचं दुकान. त्यांचं कौतुक व्यासपीठावरून होईल आणि ते व्हायलाच हवं. शिक्षकांनाही त्याचा आनंद आहे. माझी एवढीच विनंती, की जेवणाच्या पंगतीत त्या पाटीवाल्यांना एक प्रश्न जरूर विचारा: सुरुवातीला तुझ्याबरोबर कोण होतं? आपल्या वर्गातल्या अर्ध्या उत्तरांत आपलाच कोणीतरी बाकावरचा सोबती निघेल. तो किंवा ती कदाचित मागच्या रांगेत बसलेली असेल, आणि त्या वर्षांची हकीकत तिच्याइतकी नीट दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.